काही हरकत नाही!

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, 'नावात बदल' आणि 'पुण्यस्मरण' यांच्या बेचक्यात, बारीक टायपातली एक चौकट असते. ती तुम्ही वाचता? नाही ना? मग ज्यांनी ती छापली त्यांचं काम चोख झालं.

'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात. मग सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, कलम, पोटकलम. आणि शेवटी तो मंत्र: याबाबत कोणाची हरकत वा सूचना असल्यास ती लेखी स्वरूपात, कार्यालयीन वेळेत, सात दिवसांत सादर करावी; मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार केला जाईल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. पुन्हा वाचून बघा.

हे हरकती मागवणं म्हणजे चपला घालून दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला 'अहो, जेवूनच जा ना' म्हणणं. म्हणायचं असतं म्हणून म्हणायचं. पाहुण्यानंही 'नको नको, पुन्हा कधीतरी' म्हणत जिना उतरायचा असतो. घरात भात मोजकाच लावलाय, हे यजमानाला ठाऊक आणि पाहुण्यालाही. आपल्याकडे कैक वर्षं हा व्यवहार दोन्ही बाजूंनी गुण्यागोविंदानं चालला. सरकारनं विचारायचं, आपण ऐकूच न आल्यासारखं करायचं, आणि पंधरवड्यानं एखादं झाड, मैदान किंवा टेकडी जायची.

घोटाळा झाला तो लोकांच्या हातात फोन आल्यावर. पाहुणे चपला काढून पाटावर बसायला लागले.

सोशल मीडियामुळे सामान्य माणूस चळवळीचा नेता झाला, असं हल्ली फार बोललं जातं. बोलणारा बहुधा व्यासपीठावर असतो आणि सामान्य माणूस खाली सतरंजीवर. माझं म्हणणं एवढं भव्य नाही. या यंत्रानं आपल्यासाठी एकच काम धड केलं: ती बारीक टायपातली चौकट दोन बोटांनी ताणून मोठी करून दाखवली. त्या एवढ्याशा कामानं काय काय हललं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे.

'हरकत' हा शब्दच बघा. मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ हालचाल, चळवळ. हिंदीत आला तेव्हा त्याला थोडा वात्रटपणा चिकटला. 'ऐसी हरकत' म्हटलं की कुणीतरी नको ते केलेलं असतं. आमच्या गवयांनी त्याची मुरकीशेजारी सोय लावली. गवई हरकत घेतो तेव्हा आपण 'क्या बात है' म्हणतो. उरलेला शब्द कचेरीत नोकरीला लागला आणि तिथे त्याचा आक्षेप झाला. आपण सज्जन माणसं, त्यामुळे आपल्या तोंडी तो कायम 'काही' आणि 'नाही' यांच्या मधे चेंगरलेला सापडतो. पायावर पाय पडला, काही हरकत नाही. गाडी दोन तास उशिरा आली, काही हरकत नाही. डोंगर गेला…

फोनच्या आधी हे काम पत्रलेखक करत. 'आपला, एक त्रस्त नागरिक, डोंबिवली (पूर्व)'. आंतरदेशीय पत्रावर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. संपादक त्यातला राग कापून मुद्दा ठेवत, आणि अकराव्या दिवशी तीन ओळी छापून येत. दादरला तर या मंडळींची रीतसर संघटना आहे. त्यांच्या तीन ओळींनी बसथांबे हलले आहेत, नळाला पाणी आलं आहे. चेष्टेचा विषय नाही. पुढे ब्लॉग आला आणि पहिला बळी गेला तो संपादकाच्या कात्रीचा. (बऱ्याच ब्लॉगांना ती हवी होती, हा भाग वेगळा.) त्रस्त नागरिकाला एकदम अख्खं पान मिळालं. आणि दुसऱ्या त्रस्त नागरिकाचा पत्ताही.

२०१५ सालचा मार्च घ्या. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम रद्द केलं. या कलमाचा प्रताप आपल्याला पालघरमुळे चांगला ठाऊक होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या 'लाइक' केल्या आणि दोघींना अटक झाली. अंगठ्यासाठी अटक! एरवी पोलीस अंगठा घेतात तो अटकेनंतर. त्या कलमाविरुद्ध न्यायालयात गेली ती श्रेया सिंघल ही कायद्याच्या शिक्षणाला निघालेली तरुणी. मोठे वकील, मोठे पक्ष, मोठे संपादक तेव्हा कुठे होते? चर्चासत्रात.

त्यानंतर तीनच दिवसांनी, २७ मार्चला, दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, सल्लामसलतीसाठी एक दस्तऐवज काढला. शंभरावर पानं, वीस प्रश्न, मुदत २४ एप्रिल. विषय असा की, व्हॉट्सॲप-स्काइपसारख्या सेवांना वेसण घालावी का, आणि मोबाइल कंपन्यांनी काही संकेतस्थळं फुकट-झटपट अन् काही महाग-रखडत दाखवली तर चालेल का. भाषा अशी की दुसऱ्याच पानावर डुलकी लागावी. ती लागावी अशीच योजना असते.

पण काही खटपटी मंडळी जागी राहिली. 'मीडियानामा'चे निखिल पाहवा त्यांत होते, वकील होते, प्रोग्रामर होते. त्यांनी 'सेव्ह द इंटरनेट' नावाचं संकेतस्थळ उभं केलं. केलं काय, तर ते दस्तऐवजी इंग्रजी माणसांच्या भाषेत आणलं, वीसच्या वीस प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली आणि खाली एक बटण दिलं. एआयबी या विनोदवीरांच्या टोळीनं त्यावर व्हिडिओ काढला. याच टोळीवर वरळीतल्या एका आचरट कार्यक्रमापायी फेब्रुवारीत मुंबईत गुन्हा नोंदवला गेला होता. फेब्रुवारीत संस्कृती बुडवणारे एप्रिलमध्ये इंटरनेट वाचवायला उभे. आपल्याकडे समाजसेवेला चारित्र्याचा दाखला लागत नाही ते एक बरं आहे.

ट्रायच्या पत्त्यावर दहा लाखांहून जास्त मेल जाऊन पडले. भात चार माणसांचा, पंगत दहा लाखांची. आता यजमानानं काय करावं? २७ एप्रिलला त्यानं सगळ्या पाहुण्यांची नावं ईमेल पत्त्यांसकट आपल्या संकेतस्थळावर टांगून ठेवली. पारदर्शकता! जगातल्या तमाम जाहिरातबाजांना दहा लाख पत्ते आयते वाढले. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारला पत्र लिहिलं, त्यांना सरकारकडून पोच आली ती अशी: स्वस्त कर्ज हवंय का, केस गळतात का.

यातला खरा रंग डिसेंबरात भरला. ट्रायनं दुसरा दस्तऐवज काढला. या खेपेला प्रश्न चारच. (शिकतात हो, तीही माणसंच.) मधल्या काळात फेसबुकला 'फ्री बेसिक्स' आणायचं होतं, म्हणजे गरिबाला इंटरनेट फुकट, फक्त त्यात काय असेल ते फेसबुक पाहून घेणार. वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती आल्या. फेसबुक उघडलं की समोर विनंती: ट्रायला पाठिंब्याचा निरोप धाडा. खाली बटण. हुबेहूब तसंच. लाखो लोकांनी ते दाबलं, आत काय लिहिलंय ते न वाचता. अनेकांना आपण कोणाच्या बाजूनं उभे आहोत ते नंतर मुलांनी सांगितलं. ट्राय म्हणालं, अहो, आम्ही चार प्रश्न विचारलेत, त्यांची उत्तरं यात कुठायत? हे मतदान नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असल्या दुजाभावाच्या दरांवर बंदी आली.

म्हणजे फेसबुकच्याच अंगणात उभं राहून लोकांनी फेसबुकला हरवलं. अंगणाचं भाडं तेवढं फेसबुकनं सोडलं नसेल. त्या दिवसांत आपण तिथे रोज किती तास होतो ते आठवा.

बटण कोणालाही बसवता येतं. कंपनीचं बटण तर जास्त गुळगुळीत असतं. फरक पडला तो वीस प्रश्नांची उत्तरं कुणीतरी रात्री जागून लिहिली होती म्हणून. पण ती जागरणं व्हायरल होत नाहीत.

त्याच एप्रिल २०१५ मध्ये मुंबईतही पाट मांडले गेले होते. महापालिकेनं पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा लोकांपुढे ठेवला होता. पूर्वी असा नकाशा कचेरीत जाऊन, शिपायाला विचारून, टाचा उंचावून भिंतीवर बघावा लागे. आता लोकांनी तो घरी उतरवून घेतला आणि पहिलं काम केलं ते स्वतःचं घर शोधण्याचं. माणूस नकाशात देश शोधत नाही, घर शोधतो; नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे नाही. घर शोधता शोधता चुका सापडल्या. वारसा वास्तू गायब, रस्ते भलत्याच्या अंगणातून. लाल वर्तुळं काढलेली चित्रं गल्लीगल्लीच्या ग्रुपवर फिरली, आणि २१ एप्रिलला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्यानं करायला सांगितलं. पुण्यात असल्याच आराखड्यावर २०१३ साली ८७ हजार हरकती आल्या होत्या. पण पुण्यात ८७ हजार हरकती येणं ही बातमी नव्हे. न येत्या तर झाली असती.

आरेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे पाहुणे पाटावर बसले आणि यजमानानं दिवा मालवला.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मेट्रो ३, साडेतेहतीस किलोमीटर, जवळजवळ सगळी भुयारातून. पण गाड्यांनी रात्री झोपायचं कुठे, म्हणजे कारशेड कुठे, तर आरेच्या जंगलात. तिथे विरोध सुरू झाला तो २०१४-१५ पासून. रविवारी माणसांच्या साखळ्या, शाळकरी पोरांचे फलक, झाडांचे फोटो, पक्ष्यांच्या याद्या. फोनवर आरेचं नाव पडलं 'मुंबईचं फुप्फुस'. तिथल्या सत्तावीस आदिवासी पाड्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या फुप्फुसालाच घर म्हणत आली होती. त्यांच्या हरकती फोनच्या आधीपासूनच्या होत्या, फक्त त्यांना हॅशटॅग नव्हता. बांद्र्याच्या ताई पहिल्यांदा पाड्यावर आल्या तेव्हा त्यांना रस्ता दाखवायला फोन होता, आणि फोनला रेंज नव्हती. रस्ता दाखवला पाड्यावरच्या बाईनं. चळवळीतला हा भाग मला फार आवडतो.

वृक्ष प्राधिकरणाकडे ८० हजारांहून जास्त हरकती गेल्या. २९ ऑगस्ट २०१९ रोजी प्राधिकरणानं २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं उपटून दुसरीकडे लावायला मंजुरी दिली. भागाकार करा: झाडामागे तीस हरकती. एवढे जामीनदार बँक गृहकर्जालाही मागत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. आता सांगा, सरकारी काम निकालाच्या दिवशी, तेही रात्री, तेही शुक्रवारी सुरू झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? माझ्या गल्लीतला खड्डा गणपतीत खणला तो दिवाळीत बुजला. इथे काही तासांत प्रशासनाच्या अंगात अशी वीज संचारली की डोळे दिपावेत. फोनवर अंधारातले व्हिडिओ येत होते; त्यांत झाड दिसत नव्हतं, फक्त आवाज. लोक मिळेल त्या वाहनानं तिथे पोचले. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. रविवार-सोमवारच्या सुमाराला कायद्याच्या एका विद्यार्थ्याचं सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्र कामी आलं (पुन्हा विद्यार्थीच, नोंद घ्या) आणि सुटी चालू असताना ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचं खास खंडपीठ बसलं. आता तोडू नका, असं ते म्हणालं. सरकारकडून सांगण्यात आलं की, तोडायची होती तेवढी तोडून झाली आहेत. आकडा २,१४१. दुसऱ्या दिवशी दसरा होता. आपण एकमेकांना आपट्याची पानं दिली.

मग यात जिंकलं कोण? हिशेब मांडायला बसलात तर वही पुरणार नाही. २९ नोव्हेंबर २०१९ ला नवे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कारशेडला स्थगिती दिली. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन ठरली आणि कारशेड कांजूरमार्गला निघालं. तिथे न्यायालयात अडकलं. २०२२ च्या जुलैत सरकार बदलल्यावर ते परत आरेत आलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, परवानगी मागितली होती त्यापेक्षा जास्त झाडं तोडू बघितल्याबद्दल, मेट्रोच्या कंपनीला दहा लाखांचा दंड केला आणि त्याच आदेशात १७७ झाडं काढायची मुभाही दिली. म्हणजे कानाखाली वाजवली आणि हातावर साखरही ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी धावू लागली. पहिल्या स्थानकाचं नाव आहे 'आरे जेव्हीएलआर'. आरे वाचलं, निदान पाटीवर.

त्या गाडीत मी बसलोय. थंडगार, वेळेवर, बसायला जागा. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. शेजारी एक तरुण फोनवर जंगल वाचवण्याच्या कुठल्याशा अर्जावर सही करत होता. बोगद्यात रेंज गेली आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू रेंज मीच तोडली.

चळवळीच्या विजयाचं हे असं असतं. ८०० एकरांचा कागद राहिला, तो मोठा. २,१४१ झाडं गेली, तीही मोठी. घोषणा देणाऱ्यांना दोन्ही एकदम म्हणता येत नाहीत, कारण घोषणेला यमक लागतं.

आरेतल्या करवतींच्या पुढच्याच वर्षी पंगत दिल्लीत बसली. बाहेर टाळेबंदी, थाळ्या वाजवून झालेल्या, आणि ११ एप्रिल २०२० च्या राजपत्रात पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा. त्यात एक गोष्ट अशी होती की आधी कारखाना उभारा, परवानगीचं नंतर बघू. आणि दुसरी, आपल्या आजच्या विषयाची: जनसुनावणीत लोकांना म्हणणं मांडायची मुदत ३० दिवसांवरून २० वर. म्हणजे 'हरकती कमी वेळात घ्याव्यात का' यावर हरकती मागवल्या होत्या! मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जूनला सांगितलं की, घटनेतल्या बावीसही भाषांत तो द्या. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. भाषांतर करण्यापेक्षा अपील करणं सोपं पडतं. मी भाषांतरं केली आहेत, मला हे पटतं.

पर्यावरणमंत्री होते पुण्याचे प्रकाश जावडेकर. तरुण पोरांच्या संकेतस्थळांवरून त्यांच्या पेटीत मेलांचा पाऊस पडला. पुणेकराला न विचारता एवढी पत्रं पाठवायची म्हणजे धाडसच. तक्रार गेली, आणि जुलैत दिल्ली पोलिसांनी 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' या पोरांच्या संकेतस्थळाबद्दल नोटीस काढली ती थेट यूएपीए कायद्याखाली, म्हणजे दहशतवादाच्या. संकेतस्थळ बंद पडलं. आरडाओरडा झाल्यावर नोटीस मागे घेतली. म्हणे चुकून गेली. चुकून! आमच्याकडून चुकून राँग नंबर लागतो, यांच्याकडून यूएपीए.

तरीही सुमारे २० लाख हरकती आल्या. त्या चाळायचं काम नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आलं. विदर्भातल्या कुठल्या तरी टेबलावर वीस लाख माणसांचं 'आमची हरकत आहे' येऊन पडलंय, ही कल्पना मला अजून सुखावते. मसुदा तसाच्या तसा काही पुढे अंतिम झाला नाही. त्यातल्या काही गोष्टी मात्र कार्यालयीन ज्ञापनांच्या मोरीच्या दारानं एकेक करून आत आल्या. ज्ञापनाला हरकती मागवाव्या लागत नाहीत.

गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा रूळ, रुंद महामार्ग आणि विजेची वाहिनी अशा तीन गोष्टी जायच्या होत्या; त्यांतल्या काहींना त्याच टाळेबंदीत व्हिडिओ बैठकीत संमती मिळाली होती. बैठक पडद्यावर, मग विरोधही पडद्यावर: पोरांनी गव्याची, शेकरूची, धनेशाची चित्रं काढून इन्स्टाग्रामवर टाकली. चित्रं बघायला आलेले लोक १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोरला रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसले. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या दुसऱ्या रुळाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. गोंयकार सुशेगाद असतो म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

यजमानही आता हुशार झाला आहे. 'जेवूनच जा ना' हे वाक्य त्याला कायद्यानं म्हणावंच लागतं, पण तो ते पाहुणा लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणतो. मुदत दिवाळीच्या सुटीत संपते. ईमेल चालत नाही, तीन प्रतींत छापील अर्ज लागतो. किंवा छापील चालत नाही, पोर्टलवरच भरावं लागतं आणि ओटीपी मुदत संपल्यावर येतो. एकाच मजकुराच्या दहा हजार हरकती आल्या की 'एक हरकत' म्हणून मोजतात. मतदानात असं का करत नाहीत? तिथेही एकाच चिन्हावर लाखो शिक्के असतात.

आणि आपण? आपण अंगठा देतो. इंग्रजांनी दीडशे वर्षं राबून आपल्याला सही शिकवली, आणि आपण दहा वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आलो.

हे वाक्य माझं नाही, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं आहे. निवृत्त शिक्षिका, विषय गणित. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एक पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्या बुंध्यावर एका सकाळी कागद डकवलेला दिसला. झाड तोडायचं तर झाडावरच तशी नोटीस लावावी लागते, असा आपला १९७५ चा कायदा आहे. झाडाला वाचता येत नाही हे तो करणाऱ्यांच्या लक्षात आलं असावं, पण माणसाला येतं हे बहुधा नाही. काकूंनी कागदाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात एकेचाळीस अंगठे, नऊ रडके चेहरे, दोन हात जोडलेले, आणि एक वाढदिवसाचा केक, तो चुकून.

काकूंनी लिहिलं, 'अंगठे नकोत. अर्ज हवेत. मजकूर खाली दिला आहे. आपल्या शब्दांत लिहावा, कॉपी करू नये. मी तपासणार आहे.'

गृहस्थहो, त्या बाईंनी खरंच तपासले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका अभियंत्याचा अर्ज 'ऱ्हस्व-दीर्घ' शेरा मारून परत आला. 'सावली मिळते' एवढंच लिहिणाऱ्याला 'किती वाजता, कोणत्या बाजूला, कोणाला' असे तीन उपप्रश्न आले. रिक्षावाल्यांचा अर्ज सर्वांत चांगला होता, कारण त्या झाडाखाली दिवसातले सहा तास तेच असतात. काकूंनी तो ग्रुपवर नमुना म्हणून लावला. कुणाला मोर्चा काढायचा होता, कुणाला नगरसेवकाला बोलवायचं होतं, एकाला झाडाला राखी बांधून रील करायचं होतं. काकू म्हणाल्या, काय करायचं ते करा, सातव्या दिवसाच्या आत करा. मीही लिहिला. माझ्या अर्जात 'हिरवं छत्र' असा शब्द होता. काकूंनी तो काढून 'अंदाजे चाळीस फूट व्याप्ती' केलं. सदरलेखकावर अशी कात्री कुणी चालवली नव्हती बऱ्याच वर्षांत.

सहाव्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत गेलो. माझं काम पिशवी धरण्याचं. आवक-जावकच्या खिडकीतल्या माणसानं गठ्ठा हातात तोलून पाहिला, मग पहिला अर्ज वाचला, मग दुसरा. तिसऱ्याला त्यानं चष्मा लावला.

'सगळे वेगवेगळे आहेत,' तो म्हणाला. आवाजात तक्रार होती.

'हो, तपासलेत,' काकू म्हणाल्या. 'प्रत्येकावर आवक क्रमांक हवा.'

'मॅडम, एकत्रच एक पोच देतो ना. आपण कोणत्या संघटनेकडून?'

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. संघटना आमच्याकडे नव्हती.

'तिसऱ्या मजल्याकडून,' त्या म्हणाल्या.

त्यानं तसंच लिहून घेतलं. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे: अर्ज सदुसष्ट, संघटनेचं नाव, तिसरा मजला.